गंज कोणत्या गावचा

कारंज्यात माझं रंगाचं दुकान आहे. पाहुणे मुलगी बघायला येणार असले, की लोक माझ्याकडे येतात आणि भिंतीची ओल, पोपडे, पोरांनी खडूनं काढलेले हत्तीघोडे असं सगळं झाकायला डबे घेऊन जातात. झाकणं हा माझा धंदा. दुपारी दोन ते चार मात्र शटर अर्धं खाली ओढून मी याच्या नेमका उलट उद्योग करतो. खोक्यातून काढलेली नवीकोरी, चकचकीत, धातूची छोटी गाडी घेतो आणि ती गंजकी, पोचे पडलेली, चिखलानं माखलेली दिसेपर्यंत तिच्या हात धुऊन मागे लागतो. चाळिशी उलटलेल्या माणसानं करावं असं हे काम नाही, यावर आमच्या घरात एकमत आहे. एरवी आमच्या घरात भाजीत तिखट किती यावरही एकमत होत नाही.

याला वेदरिंग म्हणतात. ऊन, पाऊस, धूळ आणि माणसं मिळून गाडीची जी दशा करतात, ती आपल्या हातानं करायची. मग ती गाडी ताटाएवढ्या एका देखाव्यात उभी करायची. पंक्चरचं दुकान, ढाबा, बंद पडलेला पेट्रोल पंप, असं काहीतरी. त्या देखाव्याला डायोरामा म्हणतात. हे मी आजवर अनेकांना समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि डिस्टेंपर कोणता चांगला, ते विचारलं. बायकोनं तेवढं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नवी गाडी आणून जुनीच करायची हाय, तर मंग भंगारवाल्याकडूनच काऊन नाई आणत तुमी?"

या विद्येतले माझे गुरू मोबाइलमध्ये राहतात. मुख्य गुरू म्हणजे एक दाढीवाला गोरा माणूस. त्याच्या खिडकीबाहेर बारा महिने बर्फ पडत असतो, आणि हातातला ब्रश इतका बारीक, की मुंगीच्या भुवया रंगवाव्यात. त्यानं सांगितलं तसं मी शिकलो. आधी गाडी सुटी करायची. अंगावर गंजाचा तपकिरी रंग द्यायचा, तो वाळला की त्यावर केसांचा स्प्रे मारायचा, आणि स्प्रेवर गाडीचा खरा रंग. मग ओल्या ब्रशनं हलकेच घासत बसायचं. मधला स्प्रे विरघळतो, वरच्या रंगाचे टवके उडतात आणि आतला गंज डोकावू लागतो. बायकोच्या स्प्रेची बाटली मी पहिल्याच महिन्यात संपवली. तिच्या भावाच्या लग्नासाठी आणलेली होती ती. त्या लग्नापेक्षा त्या बाटलीची आठवण आमच्याकडे जास्त निघते.

आमचा मोबाइलवर एक ग्रुपही आहे. राज्यभरचे रिकामटेकडे, म्हणजे कलावंत, त्यात आहेत. आपल्या गंजाचे फोटो टाकायचे आणि दुसऱ्याच्या गंजाचं कौतुक करायचं, असा शिरस्ता आहे. पुण्याचे एक ज्येष्ठ सदस्य तेवढे कुणाच्याही फोटोखाली 'अजून संयम हवा' इतकंच लिहितात. संयमानं गाडी गंजवायची असती तर मी ती गच्चीवर ठेवून मोकळा झालो असतो. आमच्याकडच्या मे महिन्यानं दहा दिवसांत काम फत्ते केलं असतं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझ्या वडिलांचा स्वतःचा ट्रक होता. लाल रंगाचा, पुढून सपाट तोंडाचा. संत्र्याच्या हंगामात नागपूर, एरवी अमरावती, नाहीतर हिंगणघाटच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी. आमच्याकडे ते मुक्कामाला येत. राहत ते गाडीतच. पंधरा वर्षांपूर्वी क्लच दाबून दाबून त्यांचे गुडघे गेले आणि गाडीही थकली. ज्यानं घेतली त्यानं ती चालवायला घेतली नव्हती, तोडायला घेतली होती. बाबा ती पोचवून एसटीनं घरी आले, हातपाय धुतले, जेवले. त्या दिवसापासून 'गाडी' हा शब्द त्यांनी फक्त माझ्या स्कूटरसाठी वापरला. कुणी विषय काढलाच, तर "गेली ते गेली" म्हणायचे आणि पेपर उघडायचे. तो सकाळी दोनदा वाचून झालेला असला, तरी उघडायचे.

मी ती गाडी करायची ठरवली. नागपूरला दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या ग्रुपचं प्रदर्शन होतं आणि त्यात स्पर्धाही होती. तिच्यासाठी करतो आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. बाबांनी मला दुकान टाकून दिलं, लग्न लावून दिलं, आजारपणात उशाशी बसले, पण 'बरं केलं बे' एवढं कधी म्हणाले नाहीत. माझ्या या छंदाला तर ते 'पोट्ट्याईचे खेळ', म्हणजे पोरखेळ, म्हणायचे. मला त्यांनी ती गाडी हातात घ्यावी आणि ओळखावी, एवढंच हवं होतं. एवढंच म्हणतो खरा, पण चाळिशीतला बाप्या बापाच्या एका शब्दासाठी रोज दोन तास दुकान बंद ठेवतो, तेव्हा ते एवढंच नसतं.

पावसाळ्याआधी सुरुवात केली आणि पोळ्याच्या सुमारास गाडी तयार झाली. फोटो ग्रुपवर टाकले. 'काय गंज आहे!', 'गंज बघून डोळे निवले', असे अभिप्राय आले. पुण्याच्या ज्येष्ठांनी काहीच लिहिलं नाही. आमच्यात याहून मोठा सन्मान नाही. त्याच दिवशी चहाच्या वेळी मी गाडी घरी नेली आणि ओसरीवर बसलेल्या बाबांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. गाडी उजेडाकडे धरली.

"ओळखा बरं," मी म्हणालो.

त्यांनी गाडी उलटी केली, सुलटी केली. मग मडगार्डवर नख ठेवून म्हणाले, "चाकाच्या वरतं हे काय हाय?"

"गंज."

"हा गंज कोणत्या गावचा?"

मी मोठ्या उत्साहानं सांगायला लागलो. त्या दाढीवाल्याच्या देशात रस्त्यावर बर्फ साचतो, तो वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते चाकानं उडतं आणि मडगार्डच्या कडा खातं, म्हणून तिथं असा गंज चढतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"अन् आपल्या रोडवर मीठ कोण टाकून राह्यलं? इथं वरणात टाकाचं इसरते घरचे."

स्वयंपाकघरात झारा जरा जोरात आपटला. बाबा मात्र थांबायला तयार नव्हते.

"हा चिखोल लाल काऊन? कोकणात गेलती का गाडी? आपली माती कायी. वाळली का राखेवानी होते. लाल धूळ इथं कुठून आणली तू?"

लाल धूळ मी पुण्याहून मागवली होती. डबीत येते. पण हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

"खेळणं म्हणून चांगलं हाय," ते म्हणाले, आणि गाडी माझ्या हातात देऊन चहा प्यायला लागले.

मला भयंकर राग आला. त्यांचा आला, दाढीवाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. नागपूर-अमरावती रोडवर मी जन्म काढला. समोरून रोज शेकडो ट्रक जातात. ढाब्यापुढे उभे असतात, त्यांच्या सावलीत मी चहा पितो. ते सोडून मी मोबाइलमध्ये डोकं घालून बर्फातल्या गाडीचा गंज शिकलो आणि तो कारंज्याच्या ट्रकला चढवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, फक्त माझा वळसा समुद्रापलीकडून आला होता.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला शटरखालून दोन पाय दिसले. मग कण्हत, वाकत, गुडघ्यांना शिव्या देत बाबा आत आले. शटर वर करून देतो म्हणालो, तर नको म्हणाले. प्रायमरच्या मोठ्या डब्यावर बसले आणि म्हणाले, "काहाड तुही गाडी."

मी गाडीचा सगळा रंग उतरवला आणि पुन्हा सुरुवात केली. त्यानंतर महिनाभर ते रोज आले. मी व्हिडिओ बघणं सोडलं. बायकोचे चुलते आंजीला शेती करतात, त्यांच्याकडून काळी माती मागवली. त्यांना वाटलं कुंडीत घालायला हवी असेल, म्हणून त्यांनी पोतंभर पाठवली. मला दोन चमचे हवी होती. ती मी घरच्या चहाच्या गाळणीतून चाळली, आणि स्प्रेच्या बाटलीला घरात सोबत मिळाली.

बाबा शिकवत असे नाहीत. ते फक्त माझं चुकलं की हुं करत. हुं आलं की हात थांबवायचा. "टपावरचा लाल रंग उनानं गुलाबी पडते. साइडचा नाई पडत." मी टप गुलाबीसर केला. "डायव्हरच्या दरवाज्याचा काठ घासते. कोपर राह्यते तिथं." मी उजव्या खिडकीचा काठ पत्रा दिसेपर्यंत घासला. "दुसऱ्या साइडले क्लीनर हात मारते. चाल म्हणून दोनदा, थांब म्हणून एकदा. तिथला रंग जाते, पण गंज नाई येत. हाताचं तेल लागते न पत्र्याले." हे दाढीवाल्याच्या बापाला ठाऊक नसेल. डाव्या दरवाज्याखाली तळव्याएवढा, म्हणजे गाडीच्या मापानं मोहरीच्या दाण्याएवढा भाग मी असा गुळगुळीत केला, की तो मलाच खरा वाटायला लागला.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. इतकं सगळं सांगताना बाबा कधी 'आपली गाडी' म्हणाले नाहीत. 'असल्या गाडीले', 'डायव्हर लोक', 'क्लीनर', असं चाललेलं. जणू काही तो डायव्हर कुणी दूरचा नातेवाईक होता. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते उठून गेले असते, आणि दुकानात पेपर नव्हता म्हणून सरळ घरीच गेले असते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी झाली. फक्त शेवटचा मॅट व्हार्निशचा हात राहिला होता. तो दिल्याशिवाय धूळ, माती आणि ऑइल रंगाचे डाग पक्के होत नाहीत. नुसतं टर्पेंटाइनचं फडकं फिरलं तरी सगळं निघून येतं. मी गाडी बाबांच्या समोर धरली.

"आता ओळखू येते का?"

त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "ठीक हाय," आणि काठी घेऊन उठले.

ठीक हाय. आमच्याकडे चुन्याचा हात मारलेल्या भिंतीलाही यापेक्षा चांगलं बोलतात. मला वाईट वाटलं, इतकं की संध्याकाळी गिऱ्हाइकाला पांढऱ्याऐवजी क्रीम कलर देऊन बसलो. दसऱ्याला दुकान धुवायचं होतं, म्हणून गाडी, ब्रश, रंगाच्या बाटल्या, टर्पेंटाइन, सगळं एका खोक्यात भरून घरी आणलं आणि ओसरीवरच्या टेबलावर ठेवलं. व्हार्निश उद्या दुपारी देऊ म्हटलं.

दसऱ्याला आमच्याकडे ज्यावर घर चालतं ते सगळं धुऊन पुजतात. दुकानातलं रंग कालवायचं मशीन मी पुजतो, घरी स्कूटर बायको धुते. ट्रक होता तेव्हा अंगणात नुसती धमाल असायची. ट्रक गेल्यापासून बाबा त्या दिवशी ओसरीवरूनही अंगणात बघत नसत. आतल्या खोलीत पेपर घेऊन बसत आणि जेवायला हाक मारली की येत. मी सकाळी दुकानात गेलो, पूजा केली, नारळ फोडला, आणि अकराच्या सुमारास घरी परतलो.

अंगणात रांगोळी होती. रांगोळीवर पाट होता. पाटावर माझा ट्रक होता.

तो लाल होता. नुसता लाल. टप गुलाबी नव्हता, मडगार्डवर राखेसारखी धूळ नव्हती, तेलाचे ओघळ नव्हते. काल शोरूममधून बाहेर पडल्यासारखा उन्हात चकाकत होता. झेंडूचं अख्खं फूल त्याच्या तोंडापेक्षा मोठं झालं असतं, म्हणून पाकळ्या दोऱ्यात ओवून त्याला हार घातला होता. काचेखाली काडीनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं. ट्रकशेजारी बाबा बसले होते. आंघोळ झालेली, अंगात इस्तरीचा पांढरा सदरा, मांडीवर टर्पेंटाइनचं फडकं, आणि उजव्या हाताची तीन बोटं लाल. जिथं मी टवके उडवले होते, तिथं त्यांनी माझ्याच बाटलीतला रंग बोटानं भरला होता.

मला जे शब्द सुचत होते ते वडिलांसमोर बोलण्यासारखे नव्हते. दारात बायको उभी होती. तिनं मला खुणेनंच गप्प राहायला सांगितलं. मी राहिलो नाही.

"बाबा, हे काय केलं तुमी? चार महिने लागले मले त्याले! रविवारी नागपूरले न्यायचा होता!"

"मंग नेजो ना."

"असा धुतलेला नाई! मयका न्यायचा होता!"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू जगात इतका अडाणी माणूस असू शकतो यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. "दसरा हाय आज. दसऱ्याले गाडी मयकी ठेवते का कोणी? अन् मयाले किती येळ लागते? इथून नागपूरले जातपर्यंत मयते आपोआप."

मग ते बायकोकडे वळले. "सूनबाई, झाला का तो साबुदाणा?"

पूजा झाली की ट्रकच्या चाकाखाली लिंबं ठेवतात आणि गाडी पुढं घेऊन ती चिरडतात. या ट्रकला लिंबू म्हणजे डोंगर. बाबांनी आधी मूग ठेवून पाहिले होते. ते चिरडायच्या ऐवजी उडून रांगोळीत गेले. मग त्यांना नवरात्राच्या उपासाचा उरलेला साबुदाणा आठवला आणि सकाळी सकाळी त्यांनी तो सुनेला भिजत घालायला लावला. ती वाटी घेऊन आली. बाबांनी सहाही चाकांखाली एकेक दाणा ठेवला. दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. मग एक बोट फाळक्याला, म्हणजे बॉडीच्या मागच्या फळीला, लावून ट्रक हळूच पुढं ढकलला. सहाही दाणे चपटे झाले.

"पंधरा वर्सं झाले," ते ट्रककडे बघत म्हणाले, "दसऱ्याले काही धुतलं नोतं मी."

माझा राग तिथंच विरला. लहानपणी दसऱ्याच्या पहाटे क्लीनर बादली घेऊन यायचा आणि बाबा त्याच्या हातातून फडकं काढून घ्यायचे. वर्षभर कुणीही धुवा, त्या दिवशी गाडीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. दुसऱ्याच्या गाडीला तर त्यांनी उभ्या जन्मात कधी फडकं लावलं नाही. मी खाली बसलो आणि नमस्कार केला. ट्रकला केला की त्यांना, ते मला नीट सांगता येणार नाही. डोळे भरून आले होते आणि टर्पेंटाइनच्या वासानं आले, असं मी बायकोला सांगितलं.

दुपारी नागपूरच्या आयोजकांना फोन केला आणि स्पर्धेतून माझं नाव काढा म्हणून सांगितलं. वेदरिंग बिघडलं का, असं त्यांनी काळजीनं विचारलं. धुतलं, म्हणालो. अशी बातमी त्यांना यापूर्वी कुणी दिली नसावी. ग्रुपवरही कुणीतरी कळवलं असणार, कारण थोड्या वेळानं पुण्याच्या ज्येष्ठांचा मला खास वेगळा मेसेज आला. अजून संयम हवा, असा.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला येऊ लागले. आपट्याची पानं पुढं करून बाबांच्या पाया पडायला वाकले, की बाबा त्यांना मधेच थांबवायचे आणि पाटाकडे बोट दाखवायचे. "मले नंतर. पयले गाडीत ठेव." माणसं आधी बुचकळ्यात पडायची, मग वाकून पान ट्रकच्या मागच्या बॉडीत ठेवायची. बायकोला या घरात येऊन बारा वर्षं झाली, पण बाबांच्या पहिल्या खेपेची हकिकत तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. हिंगणघाटची होती, कापसाच्या गाठींची, आणि परतताना पाऊस लागला होता. दिवेलागणीपर्यंत ती हकिकत तिनं आणखी चार वेळा ऐकली. पानांवर पानं चढत गेली, बाबा मधूनमधून ती बोटानं दाबून सारखी करत होते, आणि ट्रकचा फाळका दिसेनासा झाला.

शेवटी समोरच्या घरातले किराणावाले काका आले. आता त्यांना रीत कळली होती, म्हणून ते पान घेऊन सरळ ट्रककडेच वाकले. बाबांनी हात आडवा घातला.

"बस आता. ओव्हरलोड माल मी कधी नेला नाई."

काकांनी ते पान माझ्या हातात दिलं.